लालचरची तीन बिऱ्हाडं

मी आज जो काही आहे तो साळवी बाईंमुळे आहे. त्यांचं नाव आधी घेतल्याशिवाय मला या प्रवासाबद्दल लिहिता येणार नाही, कारण मी गेलो तो त्यांच्याच कामासाठी.

सुनंदा साळवी आमच्या मंडणगडच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील मचव्यावर खलाशी, आई मासळी सुकवायची. दहावीनंतर मला होडीवर घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेव्हा बाई एसटीने आमच्या गावी आल्या, ओट्यावर बसल्या आणि वडील हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. वडिलांनी चहा दिला, मग पुन्हा दिला, मग जेवायला वाढायची वेळ आली, तरी बाई बसूनच. शेवटी वडील म्हणाले, "न्या त्याला, पण तुम्ही आता घरी जा." बारावीपर्यंत मी बाईंच्याच घरी राहिलो. पुढे बी.एस्सी., मग बँकेची परीक्षा. प्रत्येक अर्जावरची स्पेलिंगं बाईंनी तपासली आहेत.

त्याच वर्षांत बाईंनी आमच्या गावच्या किनाऱ्यावर कासवांचं काम सुरू केलं. आमच्याकडे कासवाची अंडी खात, त्यात कोणाला वावगं वाटत नसे. बाई सुट्टीच्या दिवशी येऊन बायकांशी बोलत. मग वाळूत जाळीचं कुंपण झालं. मादी अंडी घालून गेली की ती अलगद उचलून त्या कुंपणात नेऊन पुरायची, आणि फाल्गुनात पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली, बायकांनी घरोघरी जेवणाची सोय केली. हे काम शिकायला एकदा बंगालमधल्या एका बेटावरच्या बायका आल्या होत्या. त्यांतली मालती मंडल बाईंच्या घरी उतरली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी आठवडाभर त्या बोलत होत्या, असं बाईंची मुलगी स्वातीताई सांगते.

मी सध्या बदलीवर कोलकात्यात आहे. बालीगंजला राहतो, एस्प्लनेडच्या शाखेत जातो. माझी मुलगी आता पाणीसुद्धा 'खाते', कारण बंगालीत पाणी खातात. दोलपौर्णिमेच्या, म्हणजे इथल्या रंगांच्या सणाच्या, आधीच्या आठवड्यात स्वातीताईचा फोन आला. बाईंना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता ते मला माहीत होतं. बोलणं तुटक झालं होतं. "आई सारखं एकच विचारते," स्वातीताई म्हणाली, "मालतीकडे घरटी झाली का. मालतीचा फोन लागत नाही. तू तिकडेच आहेस ना?"

कोलकात्यात राहणाऱ्याला 'तू तिकडेच आहेस' म्हणणं म्हणजे पुण्यातल्या माणसाकडे वेंगुर्ल्याची चौकशी करण्यासारखं आहे. पण दोल रविवारी होती, सोमवारी सुट्टी जोडून आली होती, आणि शुक्रवारी मी रजा टाकली. बायको म्हणाली, "शिमग्याला गावी जायला मिळत नाही म्हणून तोंड पाडून बसण्यापेक्षा जाऊन ये."

नामखानाच्या पुढे

निघण्याआधी मालतीचा फोन एकदाचा लागला, पण बाईंचा आजार आणि मी येतोय एवढं सांगेपर्यंत तुटला. बालीगंजहून नामखानाची गाडी मिळते. तिथून टोटोने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, धक्क्यापर्यंत आणि मग भटभटीने बेटावर. भटभटी म्हणजे इंजिनाची होडी. ती चालू झाली की नाव का पडलं ते सांगावं लागत नाही. नकाशावर बेटाचं नाव वेगळं आहे, लोक लालचर म्हणतात. ओहोटीला दक्षिणेच्या किनाऱ्यावर लाल खेकडे निघतात, म्हणून लाल. आणि चर म्हणजे नदीने आणून टाकलेली जमीन. हिवाळ्यापासून दोलपर्यंत हे खेकडे पाहायला कोलकात्याहून माणसं येतात, तंबूत राहतात, आणि उन्हाळा लागला की बेट पुन्हा बेटावरच्यांचं होतं.

मी पोचलो ती वेळ ओहोटीची होती. होडी आणि धक्का यांच्यामध्ये चिखल होता. बाकीच्यांनी चपला हातात घेतल्या. मी कोकणातला, मला चिखल काय शिकवायचा, अशा थाटात बूट घालूनच उतरलो. दुसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेलो. पाय बाहेर आला, बूट आला नाही.

धक्क्यावर लुंगी नेसलेले एक म्हातारे गृहस्थ उकिडवे बसले होते. त्यांनी मागे उभ्या असलेल्या बाईला विचारलं, "मालती, हाच का तुझा बर्गी? घोडा कुठे ठेवून आला?"

आजूबाजूचे हसले. बर्गी म्हणजे बारगीर, आपले मराठा घोडेस्वार. अडीचशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी ते बंगालवर चालून आले होते. इथल्या आया अजून त्यांची भीती घालून मुलांना झोपवतात. मराठी माणसाला हा टोमणा कोलकात्यातही कधी ना कधी ऐकावा लागतो. मी एका पायात बूट घालून उभा होतो. म्हणालो, "दादू, लुटायला आलो होतो, तुमच्या चिखलाने मलाच लुटलं."

"आमच्याकडे लुटायला तुला उशीर झाला," म्हातारा म्हणाला. "नदी आधी येऊन गेली."

हे मालतीदींचे सासरे. सगळं बेट त्यांना दादू, म्हणजे आजोबा, म्हणतं. मालतीदी पस्तिशीच्या, काटक, बोलताना समोरच्याकडे न पाहता समुद्राकडे पाहणाऱ्या. त्या बंगालीत बोलत होत्या, मी माझ्या मोडक्या बंगालीत. इथे सगळं मराठीत लिहितो. बाईंना त्या दीदी म्हणतात; त्यांचा पहिला प्रश्न होता, "दीदी हात हलवते का?" मी म्हणालो, डावा. त्यांनी मान हलवली आणि माझी पिशवी उचलली.

बेटाचा उत्तरेकडचा भाग पाहून मला घरची आठवण आली. तळी, केळी, पानमळे, शाळा, देवीचं छोटं देऊळ, सायकलवरून मासे नेणारा माणूस. टोटो दक्षिणेकडे वळला तसा रंग उडत गेला. शेतात पांढरट थर, तळ्यांचं पाणी चहासारखं, आणि शेंडे नसलेल्या माडांची रांग. माड मेला तरी उभा राहतो हे मला माहीत होतं. रांगच्या रांग तशी उभी मी पाहिली नव्हती. "वादळात खारं पाणी आत आलं," मालतीदी म्हणाल्या. कुठल्या वादळात, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "कुठलं घ्यायचं ते तुम्हीच घ्या."

दक्षिणेच्या टोकाला मातीचा उंच बांध आहे. गावात फोनला रेंज फक्त या बांधावर येते. आम्ही चढलो तेव्हा सूर्य बुडत होता. पलीकडे राखाडी समुद्र, डावीकडे दूर तंबूंचा कॅम्प आणि त्याच्या रंगीत दिव्यांच्या माळा. मी उजव्या हाताचा किनारा दाखवून विचारलं, "त्या बाजूला बाशा किती आहेत?"

"तीन," मालतीदी म्हणाल्या. "अजून तीन आहेत."

आमच्या गॅलरीत पारव्यांनी घरटं केलं होतं तेव्हा कामाला येणाऱ्या मावशी त्याला बाशा म्हणाल्या होत्या. तेव्हापासून बाशा म्हणजे घरटं, हे माझ्या डोक्यात पक्कं आहे. तीन घरटी. मला इतका आनंद झाला की मी तिथेच उभा राहून स्वातीताईला फोन लावला. ती ओरडून आईला सांगत होती ते मला ऐकू आलं. मग तिने फोन बाईंच्या कानाशी धरला. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग बाई म्हणाल्या, "ती...न." आणि थोड्या वेळाने पुन्हा, जरा स्पष्ट, "तीन."

झटका आल्यापासून आईचा एवढा स्पष्ट शब्द हाच, असं स्वातीताई म्हणाली. तिला रडू येत होतं.

मालतीदी खाली उतरून गेल्या होत्या. फोन कोणाला केला ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

रात्री त्यांच्याकडे पार्शे माशाचं मोहरी लावलेलं झणझणीत कालवण होतं. आमच्याकडे कालवणात नारळ नसेल तर आजारी माणसाचं जेवण समजतात, असं मी म्हणालो. मालतीदी पहिल्यांदा हसल्या. "दीदीच्या घरी पहिल्या दिवशी ते पांढरं बघून मला वाटलं, यांनी खिरीत मासा टाकला. मी डोळे मिटून खाल्लं. दीदी म्हणाली, घे, घे. मला तेवढंच मराठी येतं. घे, बस, जेव."

"आणि हा बर्गी काय शिकवणार?" दादूने विचारलं.

"हा बूट काढून चालायला शिकणार," त्या म्हणाल्या.

शनिवार

सकाळी मालतीदींनी मला पांता दिलं. रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, सोबत भाजलेली मिरची आणि कांदा घालून कुस्करलेला बटाटा. आमची पेज गरम, हा भात गार. पण दोन्ही खाऊन कामाला निघणारा माणूस एकाच जातीचा. मग आम्ही बांधाच्या उजव्या बाजूने चालत निघालो.

मालतीदी एका झोपडीपाशी थांबल्या. ताडपत्रीचं छप्पर, बाहेर शेळी बांधलेली. "ही एक," त्या म्हणाल्या. थोडं पुढे दुसरी, दाराला कुलूप. "ही दुसरी. माणसं केरळात गेलीत, पण सामान आहे, म्हणून धरायची. आणि तिसरी आमची, जिथून आलो ती."

मी विचारलं, "आणि कासवांच्या?"

"कासवांचं काय?"

"कासवांच्या बाशा. तीन म्हणालात ना काल."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कासवाचा तो गोर्तो. खड्डा. त्याला कोणी बाशा म्हणतं का?"

मला हे नंतर नीट उलगडलं, ते इथे सांगतो. बंगालीत घराला दोन शब्द आहेत. बाडी म्हणजे पिढ्यांचं, मालकीचं घर. बाशा म्हणजे जिथे सध्या राहतो ती जागा. भाड्याची, तात्पुरती, कधीही उठायची. पाखराचं घरटं म्हणूनच बाशा. आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे, बिऱ्हाड. मी घरटी विचारली असं मला वाटत होतं. मालतीदींनी बिऱ्हाडं सांगितली होती. वस्तीतली बाकीची सगळी उठून गेली होती आणि तीन राहिली होती.

"मग बाडी कुठे?" मी विचारलं, खरं तर काहीतरी बोलायचं म्हणून.

त्यांनी समुद्राकडे बोट केलं. लाटांमध्ये एक लोखंडी नळी उभी होती, तिच्यावर पाणकावळा बसला होता. "ती आमची बोअरिंगची नळी. तिच्या अलीकडे अंगण, पलीकडे गोठा. दीदीकडून शिकून आल्यावर कुंपण घातलं ते त्याच्याही पुढे. गेल्या पावसाळ्यात कुंपणाची जागा गेली. जाळी तेवढी ओढून आणली."

मी विचारलं, खड्डे किती. त्या म्हणाल्या, एक.

तो एक खड्डा बांधाच्या पायथ्याशी होता. भोवती बांबू रोवून तीच जुनी जाळी लावली होती. मादी अंडी घालून गेली तेव्हा मालतीदी दादूंना घेऊन काकद्वीपच्या दवाखान्यात होत्या. परत येऊन त्यांनी माग पाहिला, तेव्हा बरेच दिवस उलटले होते. अंडी घातल्या घातल्या उचलली तर चालतं. पिल्लू धरायला लागलं की अंडं हलवायचं नाही, आतला जीव मरतो. हे बाईंनीच शिकवलेलं. म्हणून खड्डा जिथे होता तिथेच ठेवावा लागला, आणि तिथे या पौर्णिमेचं मोठं उधाण पोचण्याची भीती होती. उधाणाला इथे कोटाल म्हणतात. पिल्लं निघायला अजून आठवडाभर तरी लागेल, असा मालतीदींचा हिशेब होता. कोटाल उद्याचा होता.

"नवरा केरळातून रोज फोन करतो," त्या जाळी घट्ट करता करता म्हणाल्या. "इथलं सगळं बांधून ये म्हणतो. मी म्हटलं, एवढी पिल्लं समुद्रात जाऊ दे. कोलकात्याचे दोन-चार लोक दर वर्षी ही पिल्लं बघायला माझ्याकडेच उतरतात. पिल्लं गेली तर मी आणखी एक वर्ष राहीन."

"आणि नाही गेली तर?"

"तर काय. इथे बसून खेकड्यांना शिकवू?"

मी बांधावर चढलो. स्वातीताईला फोन करून चूक सांगायची होती. रेंज होती. मी फोन खिशात ठेवला आणि खाली उतरलो. एक खड्डा तर आहे, त्यातून पिल्लं निघाली तर सांगणं सोपं जाईल, असा विचार केला.

दिवसभर आम्ही सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरली. मालतीदी, शेळीवाल्या घरातली सून आणि मी. दादू बांधावर बसून देखरेख करत होते. "बर्गी, गोणीचं तोंड असं बांधतात? तुझ्या बँकेतले पैसेही असेच सांडतात का?" माझ्या हातांना दुपारपर्यंत फोड आले. संध्याकाळी खड्ड्याभोवती कमरेइतकी अर्धगोल भिंत उभी राहिली. दुरून ती लहान मुलांनी केलेल्या किल्ल्यासारखी दिसत होती.

मग मालतीदी मला घेऊन कॅम्पवर गेल्या. कॅम्पचा कारभार तपन नावाचा माणूस बघतो. तोही याच वस्तीतला. त्याचं बिऱ्हाड आता उत्तरेला आहे. दोलसाठी कॅम्प भरला होता, तंबूंपुढे आल्पनेची रांगोळी काढायचं काम चाललं होतं, मोठे स्पीकर आणून ठेवले होते. वाळू अडवायला कॅम्पने बांबूच्या खांबांची लांब रांग ठोकली होती. मालतीदी म्हणाल्या, "तपनदा, त्यातले थोडे बांबू दे. उद्यापुरते."

तपनने हात जोडले. "बांबू काढले आणि एखाद्या तंबूत पाणी शिरलं, तर सोमवारी मी केरळच्या गाडीत. तुझ्या शेजारच्या सीटवर. तेव्हा मला पुढची खिडकी दे."

"खिडकी मी माझ्यासाठी ठेवलीय," मालतीदी म्हणाल्या.

दोघं हसले. त्याने एका पुड्यात गुलाबी अबीर, म्हणजे आपला गुलाल, बांधून दिला आणि आम्ही परत आलो. वाटेत मालतीदी म्हणाल्या, "वाईट नाही तो. त्याची बाडी आमच्या आधी गेली."

दोल

आमच्या गावी शिमग्याला पालखी घरोघर येते, आणि मुंबईला गेलेला माणूस कुठूनही येऊन दारात उभा राहतो. घराला लावलेलं कुलूप वर्षातून एकदा तरी त्या दिवशी निघतं. इथे दोलच्या सकाळी केरळात गेलेल्यांच्या दाराचं कुलूप तसंच होतं. शेळीवाल्या सुनेने देवाच्या फोटोला अबीर लावला, दादूंच्या पायांवर टाकला, मग माझ्या कपाळाला लावला आणि म्हणाली, "बर्गीदादा, आता पळून जा, भरती येते."

किनाऱ्यावर कोलकात्याची मंडळी उतरली होती. पिवळ्या साड्या, पांढरे झब्बे, गाणी. लाल खेकडे केव्हाच बिळांत गेले होते. सकाळ संपता संपता पाणी चढू लागलं. मी समुद्राकाठी वाढलो, भरती माझ्या ओळखीची आहे. पण आमचा समुद्र आवाज करत येतो. हा आला तो सपाट, मुकाट, जणू जमीनच खाली जात होती. पहिल्यांदा भिंतीला पाणी लागलं तेव्हा भिंत टिकली. आम्ही तिघं पाठ लावून उभे होतो. दादू वरून ओरडत होते, "डावीकडे, डावीकडे." डावीकडून पाणी भिंतीला वळसा घालून आलं. खालची वाळू सुटली आणि गोण्या एकेक करून आमच्या पायांवर बसल्या. मालतीदी जाळीत शिरून खड्ड्यावर आडव्या झाल्या, अंगाने पाणी अडवायला. त्यांच्या पाठीवरून पाणी गेलं. परतणाऱ्या फेसात गुलाबी रंग होता.

मी त्यांना हाताला धरून उठवलं.

पाणी उतरायला दुपार झाली. मालतीदींनी हातांनी वाळू काढली. वरची अंडी फुगलेली, मऊ पडलेली. त्यांनी एक उघडलं. आत पूर्ण झालेलं पिल्लू होतं, वल्ह्यासारखे पाय दुमडलेले, पोटाला थोडा बलक अजून चिकटलेला. मग दुसरं उघडलं. असं करत त्या तळापर्यंत गेल्या. सुनेने दोन-चार पिल्लं ओंजळीत घेऊन बराच वेळ फुंकर घातली. एकही हललं नाही.

रंगलेले चारपाच जण जवळ येऊन उभे राहिले. एका बाईंनी विचारलं, "ही सगळी झोपलीयत का?" मालतीदी म्हणाल्या, "हो." त्या बाईंच्या नवऱ्याने फोटो काढण्यासाठी फोन वर केला होता, तो खाली घेतला. थोड्या वेळाने ते गेले. पलीकडे गाणी चालूच होती. त्यांचा मला राग आला नाही, याचंच मला अजून वाईट वाटतं. राग यायला कोणीतरी लागतं.

मालतीदींनी सगळी अंडी आणि पिल्लं बांधाच्या वर नेऊन पुरली. मग जाळी सोडवून पाण्यात धुतली आणि नीट घडी घालून दादूंना दिली. "घ्या. तळ्यात लावा, मासे धरायला चांगली आहे."

दादूंनी घडी मांडीवर घेतली. मला म्हणाले, "तुझ्या भाषेत विंचवाबद्दल काहीतरी म्हणतात, दीदीने हिला खुणांनी समजावलं होतं."

"विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर," मी म्हणालो.

"विंचवाचं बरं," ते म्हणाले. "माझी पाठ दुखते."

संध्याकाळी चुलीपाशी मालतीदींनी मला आमच्या गावाबद्दल बरंच विचारलं. मासळी कोण निवडतं, बायकांना काम मिळतं का, पावसात छपरं गळतात का. मी जे माहीत होतं ते सांगितलं. मग त्यांनी एक गोष्ट बाईंना विचारायला सांगितली.

परत

सोमवारी सकाळी निघालो. धक्क्यावर या वेळी बूट हातात होता, एकच. नामखानाला नवी चप्पल घेतली.

गाडीत बसल्यावर स्वातीताईचा फोन आला. बाई आता आधार देऊन खुर्चीत बसतात. घरी येणाऱ्या प्रत्येकाला डाव्या हाताची तीन बोटं दाखवतात. डॉक्टरांनाही दाखवली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दिनेश, आईला हे सांगू नकोस. काय बिघडतं? ती काय तिकडे बघायला जाणार आहे?"

घरी बायकोचंही तेच म्हणणं पडलं. खोटं तू बोललास कुठे, तुला चुकीचं ऐकू आलं, ती म्हणाली. माझ्या मनानेही तसंच घेतलं होतं. पण मी बाईंना ओळखतो. आज तीन बोटं दाखवताहेत. पुढच्या आठवड्यात त्या विचारतील, पिल्लं कधी सोडली. मग आम्हाला पिल्लंही रचावी लागतील. आणि मालतीदींचं विचारणं राहून जाईल, कारण घरटी आहेत म्हटल्यावर ते विचारायचं कारणच उरत नाही.

मी दोन दिवस काही लिहिलं नाही. मग हे पत्र पाठवलं.

बालीगंज, कोलकाता

ती. बाई,

साष्टांग नमस्कार. हे पत्र स्वातीताई तुम्हाला वाचून दाखवील. तिला ते वाचायचं नव्हतं, मी आग्रह केला, तेव्हा तिच्यावर रागावू नका.

मी फोनवर तीन घरटी म्हणालो ते खरं नव्हतं. मी मालतीदींना बाशा किती असं विचारलं आणि त्यांनी वस्तीत उरलेली बिऱ्हाडं सांगितली. ती तीन आहेत. घरटं एकच होतं. ते दोलच्या उधाणात बुडालं. आम्ही भिंत घातली होती, ती टिकली नाही. पिल्लं पूर्ण झाली होती. मी सगळी पाहिली, एकही जिवंत नव्हतं. खड्डा बुडण्यासारख्या जागी होता हे मालतीदींना माहीत होतं, पण अंडी हलवायची वेळ निघून गेली होती. तुम्ही शिकवलंत तसंच त्यांनी केलं. त्यांच्या हातून काही चुकलं नाही.

तुमचं कुंपण आता नाही. ती जागाही नाही. तिथे समुद्र आहे.

तुम्ही खुर्चीत बसायला लागलात हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं, आणि ज्या बातमीने बसलात तीच मी काढून घेतो आहे. तुम्हाला खोटं लिहिणं मला जमेना. मी तुमच्या ओट्यावर येऊन बसलो असतो तर बरं झालं असतं, पण रजा नाही.

मालतीदी बेट सोडताहेत. नवरा केरळात बोलावतो, पण तिथे एका खोलीत आठ गवंडी राहतात, तिथे त्यांना आणि दादूंना जागा नाही. त्यांनी तुम्हाला विचारायला सांगितलं आहे, आपल्या गावच्या बंदरावर मासळी निवडायचं काम मिळेल का. त्यांना मासळीची जात ओळखता येते, जाळं विणता येतं. मराठी येत नाही, पण शिकतील. सासरे सोबत असतील, त्यांना जिना चढवत नाही, म्हणून खोली तळमजल्यावर हवी. भाडं त्या देतील.

खोली समुद्रापासून लांब असावी, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

तुमचा,
दिनेश